आपले बोर्ड भरणारी कंपनीच विकली गेली तर काय काय करायचं

मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं आणि तेलाचं तापमान बघून पंखे चालू-बंद करणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरवाले आणि पॅनलवाले इतके आहेत की गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. डिझाईन आमचं, पेटीत बसवणं आमचं, शेवटचं कॅलिब्रेशनही आमचं, पण पीसीबीवर, म्हणजे रिकाम्या सर्किट बोर्डावर, पार्ट बसवायचं काम पहिल्या दिवसापासून बाहेर, कारण एसएमटी लाईन (पार्ट बसवणाऱ्या मशीनांची रांग) टाकायला तेवढं भांडवल नाही आणि महिन्याला चारशे-पाचशे बोर्डांसाठी ती परवडणारही नाही. असं दुसऱ्यांचं काम करून देणाऱ्यांना सगळे ईएमएसवालेच (इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग सर्व्हिसेस) म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ईएमएसवाल्यांना एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. मला ते कधी कळलं, तर बिलावर वेगळंच नाव आलं तेव्हा. पुढे जे झालं त्यात आमचे साडेचार महिने गेले आणि एक जुनं गिऱ्हाईक हातचं गेलं, ते अजून परत आलेलं नाही. गेल्या महिन्यात दांडिया बाजारात ओळखीच्यांकडे एक मुलगा भेटला, नुकताच ईव्ही चार्जरच्या धंद्यात पडलेला, मला म्हणाला, "ताई, आमच्या ईएमएसवाल्यांचा मेल आलाय, ते कुठल्याशा ग्रुपमध्ये जातायत, आम्हाला फार आनंद होतोय वगैरे लिहिलंय, आम्ही काय करायचं असतं आता?" त्याला तासभर बसवून जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय, ज्यांच्यावर पहिल्यांदा ही वेळ आलीय त्यांच्यासाठी.

आधी हे समजून घ्या की हे होतंच का

बोर्डाच्या किमतीत मोठा वाटा पार्टचा असतो, पार्ट बसवण्याची मजुरी त्यामानाने थोडी, आणि त्या थोड्यातच ईएमएसवाल्याचा नफा. म्हणजे ज्याची खरेदी मोठी त्याला वितरक भाव देणार, टंचाईत माल आधी त्यालाच देणार. दुसरं म्हणजे लाईन रिकामी राहिली तरी तिचा बँकेचा हप्ता थांबत नाही, म्हणून काम विकत घेणं, म्हणजे काम असलेली कंपनीच विकत घेणं, हा सरळ रस्ता आहे. मोठा छोट्याला घेतो यात कुणाचा दुष्टपणा नाही, धंद्याची घडणच तशी आहे, आणि ती आजची नाही.

कॅलिफोर्नियाची सोलेक्ट्रॉन बघा, १९७७ ची कंपनी, अमेरिकेतला क्वालिटीचा बाल्ड्रिज पुरस्कार दोनदा मिळालेली, १९९१ ला आणि १९९७ ला, एकेकाळी या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. २००७ मध्ये फ्लेक्सट्रॉनिक्सने ती सुमारे ३.६ अब्ज डॉलरला घेतली. त्याआधी २००१ मध्ये सॅनमिना आणि एससीआय एक झाल्या, आणि एससीआय म्हणजे १९८१ पासून आयबीएमच्या पहिल्या पीसीचे बोर्ड भरणारी कंपनी. त्याच २००१ मध्ये टेलिकॉमची मागणी बसली, सिस्कोने दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा साठा राइट-ऑफ केला, म्हणजे हिशेबातून उडवला, आणि तेजीत प्लांटवर प्लांट घेत सुटलेल्या ईएमएसवाल्यांना तेच प्लांट बंद करत बसावं लागलं. हे लक्षात ठेवा, कारण खरेदीनंतर दोनेक वर्षांत "हे प्लांट एकत्र करू" असं येतंच, आणि आपल्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकाला फटका बसतो तो तेव्हा.

आपल्याकडे हे उशिरा सुरू झालं पण आता जोरात आहे. म्हैसूरच्या रंगसन्स इलेक्ट्रॉनिक्समध्ये सायंटने मोठा हिस्सा घेतला, तीच आजची सायंट डीएलएम. सिर्मा आणि एसजीएस टेक्निक्स २०२१ मध्ये एकत्र आल्या, मग २०२३ मध्ये त्यांनी जोधपूरच्या जोहरी डिजिटलचे ५१ टक्के घेतले. टाटा इलेक्ट्रॉनिक्सने २०२३ मध्ये विस्ट्रॉनचा कोलारजवळचा आयफोनचा प्लांट साडेबारा कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि २०२५ मध्ये पेगाट्रॉनच्या भारतातल्या कंपनीत ६० टक्के घेतले. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत सिर्मा, केन्स, अॅव्हलॉन, सायंट डीएलएम असे एकामागून एक आयपीओ आले, त्यामुळे खरेदीला हातात पैसा आहे, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, म्हणजे ही चढाओढ इतक्यात थांबत नाही. तुमचा ईएमएसवाला पन्नास-साठ माणसांचा असेल आणि काम चांगलं करत असेल तर त्याला कुणीतरी विचारायला येणार असं आजच धरून चाला.

पायरी १: सौदा कुठल्या जातीचा आहे ते शोधा

बातमी कळली की लगेच ऑर्डर फिरवू नका. आधी हे बघा की नक्की काय विकलं गेलंय. ढोबळमानाने तीन प्रकार असतात.

एक, नुसते शेअर विकले. मालक बदलला, कंपनी तीच. पॅन तोच, जीएसटी नंबर तोच, तुमचा करार जसाच्या तसा चालू. कागदावर हा सगळ्यात सोपा, पण माणसं आणि धोरण बदलतं, म्हणून झोपून जाऊ नका.

दोन, धंदा उचलून विकला, ज्याला सीए लोक स्लम्प सेल म्हणतात. इथे जुनी कंपनी मागे राहते आणि मशीनं, माणसं, ऑर्डरी नव्या कंपनीत जातात. तुमचा करार तुमच्या सहीशिवाय आपोआप तिकडे गेला असं समजू नका, त्याचा वेगळा कागद होतो आणि त्या सहीच्या वेळीच तुमच्या अटी घालून घ्यायची संधी असते. आमचा हाच प्रकार होता आणि मी तो दोन पानी कागद न वाचता सही करून पाठवला, घाईत होते, दिवाळीच्या आधीची डिस्पॅच चालू होती. पुढचा सगळा त्रास त्या सहीतून सुरू झाला.

तीन, एकत्रीकरण, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम २३० ते २३२ खाली एनसीएलटीच्या (कंपनी न्यायाधिकरणाच्या) आदेशाने एक कंपनी दुसरीत विलीन होते. गुजरातमधल्या कंपन्यांसाठी अहमदाबादचं बेंच. याला वेळ लागतो, आणि आदेशासोबतच्या स्कीममध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की सगळे करार नव्या कंपनीकडे जातील.

शोधायचं कुठे? घेणारी कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर सोपं आहे, सेबीच्या नियमाप्रमाणे तिला अशी खरेदी बीएसई-एनएसईला कळवावी लागते, त्यात किती टक्के, किती रुपये, कधीपर्यंत पूर्ण होणार हे असतं. तिमाहीच्या निकालानंतर गुंतवणूकदारांशी होणाऱ्या कॉलचा लेखी उतारा पण वाचा, तो कंटाळवाणा वाटतो पण "कमी मार्जिनचं काम कमी करणार" असं एखादं वाक्य त्यात सापडलं तर ते कुणाबद्दल आहे ते ओळखा. लिस्टेड नसेल तर एमसीएच्या, म्हणजे कंपनी कामकाज मंत्रालयाच्या, साइटवर कंपनीचं नाव टाका, संचालक कोण आहेत आणि बँकेचा चार्ज (कर्जाचं तारण) कशाकशावर आहे ते दिसतं. हा चार्ज तिसऱ्या पायरीत कामाला येणार आहे.

पायरी २: आपलं तिकडे काय काय पडलंय त्याची यादी

हीच पायरी मी चुकले, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

गर्बर फाइल (पीसीबीचा नकाशा), बीओएम (पार्टची यादी), पिक-अँड-प्लेसची को-ऑर्डिनेट फाइल (कुठला पार्ट कुठे बसतो ते), स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा), टेस्ट फिक्स्चर (बोर्ड ठेवून तपासायचा साचा), फर्मवेअरची हेक्स फाइल, प्रोग्रॅमर, गोल्डन सॅम्पल म्हणून ठेवलेला बोर्ड, शिल्लक पार्ट, रिकामे पीसीबी. एवढं सगळ्यांनाच आठवतं. आठवत नाही ते म्हणजे तुमच्याकडून गेलेल्या फाइलवर त्यांनी नंतर केलेले बदल. आमच्या बोर्डावर एका आयसीखाली सोल्डर ब्रिज व्हायचे म्हणून त्यांच्या इंजिनिअरने स्टेन्सिलमधली ती भोकं थोडी लहान करून घेतली होती. आमच्या फाइलमध्ये तो बदल नव्हताच, त्याच्या डोक्यात होता, आणि तो नोकरी सोडून गेला.

आणि चिठ्ठीची गोष्ट. आमचं टेस्ट फिक्स्चर म्हणजे एक अॅक्रिलिकचं झाकण, खाली पोगो पिनांची (स्प्रिंगच्या पिनांची) पाटी, बोर्ड ठेवायचा, झाकण दाबायचं, हिरवा दिवा लागला की पास. ते सहा वर्षं एकच बाई चालवायची, आम्ही सगळे त्यांना नुसतं बेन म्हणायचो. त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली होती, त्यावर सेलोटेप, निळ्या पेनाने गुजरातीत: "बंध करतां पहेलां जे-४ नो वायर जमणी बाजु." म्हणजे झाकण लावायच्या आधी जे-४ कनेक्टरची वायर उजवीकडे करा. कारण डावीकडे राहिली तर ती झाकणाखाली चिमटते, झाकण केसभर वर राहतं आणि कडेच्या दोन-तीन पिना नीट टेकत नाहीत. प्लांट हलवताना कुणीतरी फिक्स्चर स्वच्छ पुसलं, चिठ्ठी गेली, आणि बेन नव्या जागी गेल्या नाहीत कारण जागा घरापासून फार लांब पडायची. नव्या ठिकाणी पहिल्या २०० बोर्डांत ७१ फेल. ते फेल नव्हतेच. पण नव्या लोकांनी प्रामाणिकपणे रिपेअर करायला घेतले, चांगल्या बोर्डांवरचे आयसी काढून नवे लावले, पॅड उचलले गेले, आणि अकरा दिवसांनी मी स्वतः तिथे जाऊन फिक्स्चर उघडलं तेव्हा ती वायर डावीकडे चिमटलेली दिसली. सेलोटेपच्या डिंकाचा चौकोनी डाग झाकणावर तेवढा राहिला होता.

तर यादी करताना ऑफिसात बसून करू नका. लाईनवर जा, तुमचा बोर्ड प्रत्यक्ष चालू असतानाचा दिवस निवडा, आणि पेस्ट लावण्यापासून पॅकिंगपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ काढा, आधी परवानगी घेऊन. जो चालवतोय त्याला विचारा, "यात तुम्ही काय सांभाळता?" हा प्रश्न मॅनेजरला नाही, चालवणाऱ्याला विचारायचा. मग खालचं मागून घ्या, सौदा पूर्ण व्हायच्या आधी, कारण तोवर जुनी माणसं जागेवर असतात आणि त्यांचा तुमच्याशी जीव असतो:

- स्टेन्सिलची शेवटची फाइल, जाडीसकट
- सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनचं रिफ्लो प्रोफाइल, म्हणजे झोनचं तापमान आणि बेल्टचा वेग, शक्यतो थर्मोकपलने घेतलेल्या ग्राफसकट
- एओआयमध्ये (कॅमेऱ्याने बोर्ड तपासणाऱ्या मशीनमध्ये) कोणत्या जागी खोटी एरर येते त्याची नोंद
- मागच्या वर्षभरात कोणता पार्ट बदलून लावला, कुणी हो म्हटलं
- रिजेक्शनचं रजिस्टर

फिक्स्चर आणि स्टेन्सिलचे पैसे तुम्ही दिलेत ना, मग तुमच्या कंपनीचं नाव त्यावर कोरून घ्या. स्टिकर नको, कोरून.

पायरी ३: माल मोजा आणि चलन जुळवा

तुम्ही पार्ट स्वतः घेऊन त्यांना नुसतं असेंब्लीला देत असाल तर तो माल कायद्याने तुमचा आहे पण पडलाय त्यांच्या गोडाऊनमध्ये, आणि तिथल्या साठ्यावर बहुतेक त्यांच्या बँकेचा चार्ज असतो. उद्या वाद झाला तर रॅकवरचं कुठलं रील (पार्टची गुंडाळलेली टेप) कुणाचं हे कोण सांगणार? म्हणून वेगळा रॅक, वेगळं लेबल, आणि दर महिन्याला त्यांच्या सहीचं स्टॉक स्टेटमेंट.

मोजायला माणूस घेऊन जा. पूर्ण रील मोजायला सोपं, अर्धवट रीलमध्येच घोळ असतो. ८ मिलिमीटरच्या टेपवर कडेची भोकं ४ मिलिमीटरवर असतात, ०६०३ सारखे पार्ट साधारण प्रत्येक भोकाला एक, त्यामुळे टेपची लांबी मोजूनही अंदाज येतो, पण त्यांच्याकडे रील काउंटर असेल तर तोच वापरा. आम्ही एका रविवारी सकाळपासून बसलो होतो, दुपारी शेवउसळ मागवली आणि संध्याकाळी सात वाजता संपलं, १६२ रीलं होती, कागदावर आणि हातात जो फरक निघाला तो मुख्यतः मायक्रोकंट्रोलरच्या एका ट्रेचा, आणि तो ट्रे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या रॅकवर सापडला.

जीएसटीचं पण बघा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यायला लागतो, नाहीतर पाठवल्या दिवशी तो विकलाच असं धरून टॅक्स लागतो. मशीनरीला मुदत तीन वर्षं, साचे, जिग, फिक्स्चर, टूल यांना ती मुदत लागत नाही. आता स्लम्प सेलमध्ये ईएमएसवाल्याचा जीएसटी नंबर बदलला तर तुमची जुनी चलनं जुन्या नंबरवर राहतात आणि माल नव्याच्या गोडाऊनमध्ये. तो कागदावरही जुन्याकडून नव्याकडे, चलन करून वळवून घ्या आणि आयटीसी-०४ मध्ये (जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरण) तसं दाखवा. हे सीएंना सौदा व्हायच्या आधी सांगायचं, वर्ष संपताना सांगितलं तर तेही काही करू शकत नाहीत.

टर्नकी काम असेल, म्हणजे पार्ट तेच आणतात, तर उलटी बाजू बघा. तुमच्या फोरकास्टवर त्यांनी घेऊन ठेवलेला माल, विशेषतः जो वितरक परत घेत नाही तो, नवा मालक आल्यावर पहिल्या तिमाहीतच "हा उचला किंवा पैसे द्या" म्हणून तुमच्यासमोर येतो. किती रकमेपर्यंत तुमची जबाबदारी ते आजच लेखी ठरवा.

पायरी ४: भेटायला जा, फोनवर नको

नव्या मालकाच्या माणसाला भेटा आणि थेट विचारा: आमचं काम याच प्लांटमध्ये राहणार की हलणार? हलणार असेल तर कधी? ऑर्डरची किमान मर्यादा बदलणार का? आमच्यासाठी बोलायचा माणूस कोण? चालू पीओच्या (पर्चेस ऑर्डरच्या) दराला किती महिने हात लावणार नाही? आणि एक नाजूक प्रश्न, तुमच्या ग्रुपमध्ये आमच्यासारखंच प्रॉडक्ट कुणी बनवतं का? कारण ईएमएसवाले आता स्वतःच्या प्रॉडक्टमध्येही उतरतायत, केन्सने २०२४ मध्ये इस्क्राएमेको इंडिया ही स्मार्ट मीटरवाली कंपनी घेतली ते उदाहरण समोर आहे. त्यात गैर काही नाही, पण तुमची गर्बर आणि फर्मवेअर कुणाकुणाला उघडता येतात हे तुम्हाला माहीत पाहिजे.

किमान मर्यादेचं उत्तर गोल-गोल आलं तर समजून जा. मोठ्या कंपनीला महिन्याला ४०० बोर्डांचं काम म्हणजे लाईन दोनदा बदलायची कटकट, फीडर (मशीनला पार्ट पुरवणारे) लावायला जेवढा वेळ तेवढ्यात बोर्ड संपतात. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर आहे. मला तेव्हा कुणी स्पष्ट "नाही" म्हटलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते, तीन महिने "बघतो" मध्ये गेले ते जास्त महाग पडले.

सगळं वाईटच होतं असंही नाही. आमच्या ओळखीतल्या एका मेडिकलवाल्यांचा ईएमएसवाला असाच विकला गेला आणि त्यांना एक्स-रे तपासणी मिळाली, ट्रेसेबिलिटी मिळाली, टंचाईच्या काळात पार्टही मिळाले जे जुन्या मालकाला कधीच मिळाले नसते. त्यांचं काम मोठं होतं आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात जाऊन बोलणी केली होती.

पायरी ५: प्लांट हलला की तो बोर्ड नवा समजा

"सगळं तेच आहे हो, फक्त पत्ता बदललाय" हे वाक्य ऐकू येणारच. ओव्हन वेगळा, पेस्ट वेगळी, माणसं वेगळी, मग बोर्ड तोच कसा? पहिले पाच-दहा बोर्ड बनवून थांबायला लावा, एकेक पार्ट बीओएमशी ताडून बघा, तुमच्या टेबलावर पूर्ण टेस्ट करा, लेखी ओके द्या, मगच पुढे. आयपीसी-ए-६१० (भरलेले बोर्ड तपासायचं मानक) च्या क्लास २ ला का क्लास ३ ला तपासायचं तेही पीओवर लिहा.

सोल्डरचं आवर्जून विचारा. जुन्या ठिकाणी शिशाची पेस्ट असेल, ती १८३ अंशाला वितळते, नव्या ठिकाणी शिशाशिवायची एसएसी३०५ असेल, ती २१७ च्या पुढे. तुमच्या बोर्डावरचा एखादा कनेक्टर किंवा रिले तेवढी उष्णता सोसतो का ते डेटाशीटमध्ये बघूनच हो म्हणा. आणि पावसाळ्यात हलवत असतील तर उघड्या पाकिटातले आयसी तसेच टेम्पोत घालू देऊ नका, एमएसएल (पार्ट ओलाव्याला किती नाजूक त्याची श्रेणी) ३ चा पार्ट पाकीट फोडल्यावर १६८ तासच बाहेर राहू शकतो, तेही ३० अंश आणि ६० टक्के दमटपणाच्या आत, आणि जुलैतला आपला दमटपणा तुम्हाला माहीत आहे. शंका असेल तर ओलावा जायला बेक करून घ्या.

मग पार्ट बदलणं. आमच्या बीओएममध्ये एका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरपुढे "किंवा तत्सम" असं लिहिलेलं होतं, माझ्याच हातचं. नव्या खरेदीवाल्याने त्याच क्षमतेचा, त्याच मापाचा, त्याच १०५ अंशाचा कपॅसिटर लावला, फरक एवढाच की आमचा ५,००० तासांचा होता आणि हा २,००० तासांचा. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. मेमधल्या उन्हात यार्डातल्या आमच्या पेटीत ६५ अंश धरले तर १०५ पासून ४० अंश खाली, म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळापट. ५,००० वाला ८०,००० तास म्हणजे नऊ वर्षं, २,००० वाला ३२,००० तास म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडं वर. आणि आम्ही गॅरंटी देतो पाच वर्षांची! ३४० युनिटं त्या कपॅसिटरची गेली होती, सगळी शोधून स्वखर्चाने बदलली. आता बीओएमवर प्रत्येक ओळीत बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पार्ट नंबर, आणि चालणारे पर्याय नावानिशी, बाकी काहीही लेखी होकाराशिवाय नाही. "तत्सम" हा शब्द तुमच्या बीओएममध्ये असेल तर आज रात्रीच काढा.

तुमच्या प्रॉडक्टचा टाईप टेस्ट झालेला असेल, आमचे बरेचसे इथेच मकरपुऱ्यात एर्डाच्या टेस्ट लॅबला होतात, तर पार्ट किंवा प्लांट बदलल्यावर जुना रिपोर्ट चालेल का हे गिऱ्हाइकाला आधी विचारा. त्याच्या इन्स्पेक्शनच्या दिवशी ते निघालं तर पूर्ण लॉट परत येतो.

पायरी ६: कराराचा कागद

करारच नाही, नुसत्या पीओवर चालतं, असं बऱ्याच जणांचं असतं, आमचंही होतं. मोठा करार नको, तीन-चार पानं पुरे, वकिलाला दाखवून घ्या, पण त्यात एवढं हवंच: मालकी बदलणार असेल तर ९० दिवस आधी लेखी कळवायचं. फाइल, फिक्स्चर, स्टेन्सिल, प्रोग्रॅम आमच्या मालकीचे, मागितल्यापासून १५ दिवसांत द्यायचे, येणं बाकी आहे म्हणून अडवायचे नाहीत. काम बंद करणार असाल तर शेवटची एक मोठी ऑर्डर त्याच दराने करून द्यायची. आमच्या होकाराशिवाय दुसऱ्या प्लांटला हलवायचं नाही. हे सौदा जाहीर व्हायच्या आधी मागितलं तर जुना मालक सहज देतो, नंतर मागितलं की तुमचा कागद त्यांच्या लीगलकडे जातो आणि तिथेच पडून राहतो.

तुम्ही गिऱ्हाईक नसून ईएमएसवाल्याला स्टेन्सिल, पॅकिंग, वायर हार्नेस पुरवणारे असाल तर तुमची यादी छोटी आहे: उद्यम नोंदणी नव्या कंपनीला पुन्हा पाठवा, जुनी येणी सौद्याच्या तारखेआधी लेखी कबूल करून घ्या, आणि सूक्ष्म-लघु उद्योग असाल तर एमएसएमईच्या कायद्याने ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत हे बिलावरच छापा.

पायरी ७: दुसरं घर

शांततेच्या काळात दुसरा ईएमएसवाला तयार करा, तो पन्नास बोर्डांचं काम आनंदाने घेईल एवढाच मोठा असू दे. पॅनलची मापं, कडेच्या पट्ट्या, फिड्युशियल (मशीनला जागा ओळखायच्या खुणा) त्याच्या मशीनला चालतात का ते बघा, नाहीतर पीसीबीच नवा काढावा लागतो. त्याला वर्षातून दोनदा तरी खरं काम द्या, नुसतं कोटेशन मागत राहिलात तर गरजेच्या वेळी तो फोन उचलणार नाही. दर थोडा जास्त पडेल, पडू दे.

आमचं दुसरं घर आता वाघोडियाला आहे, येत्या सोमवारी ६० बोर्ड चाललेत. फिक्स्चरचं दुसरं सेट मी स्वतः घेऊन जाणार आहे, त्याच्या झाकणात उजव्या बाजूला वायरीसाठी खाच कापून घेतलीय, आणि शेजारी गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत कोरलंय: जे-४ ची वायर इथे.